विश्लेषण : तिकिटांच्या भांडणातून उभे राहिलेले स्टेडियम… कोण होते शेषराव वानखेडे? मैदानाच्या खर्चाचा वाद आजही का मिटत नाही?

चर्चगेट स्थानकातून बाहेर पडणाऱ्या कोणालाही वानखेडे कुठे आहे असे विचारले, तर तो बोटाने स्टेडियम दाखवेल. वानखेडे कोण होते, असे विचारले तर मात्र बहुतेक जण थबकतील. भारताने २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषक जिंकला ते हे मैदान. सचिन तेंडुलकरने नोव्हेंबर २०१३ मध्ये खेळपट्टीला अखेरचा नमस्कार केला तेही हेच. मैदानाचे नाव एवढे मोठे झाले, की ज्याच्यामुळे ते पडले तो माणूस त्यामागे झाकला गेला. शेषराव कृष्णराव वानखेडे हे क्रिकेटपटू म्हणून नव्हे, तर राजकारणी आणि क्रिकेट प्रशासक म्हणून ओळखले गेले. त्यांच्या आयुष्याची कहाणी ही मुंबईत स्टेडियम कोणाचे, त्याचा फायदा कोणाला आणि खर्च कोणाच्या माथी, या वादाचीही कहाणी आहे.

शेषराव वानखेडे यांची राजकीय कारकीर्द कशी होती?

वानखेडे यांचा जन्म २४ सप्टेंबर १९१४ चा. ते मूळचे मुंबईकर नव्हते. त्यांचे राजकारण नागपूरचे. शिक्षणाने बॅरिस्टर असलेले वानखेडे १९४२ च्या भारत छोडो आंदोलनात सहभागी झाले आणि पुढे काँग्रेसच्या राजकारणात स्थिरावले. नागपूर महापालिकेची पहिली निवडणूक १९५२ मध्ये झाली, तेव्हा शहराचे पहिले महापौर होण्याचा मान त्यांना मिळाला. त्या वेळी नागपूर मध्य प्रदेशात होते. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र स्थापन झाला. या स्थित्यंतरात नागपूरचे जे नेते मुंबईच्या सत्ताकारणात पुढे आले, त्यांत वानखेडे होते.

राज्याच्या मंत्रिमंडळात त्यांनी अर्थ खाते सांभाळले. मार्च १९७२ मध्ये ते विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि एप्रिल १९७७ पर्यंत त्या पदावर राहिले. नागपूर जिल्ह्यातील मोहपा येथे त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही आहे. सरकारी तिजोरी कशी चालते आणि सभागृह कसे चालते, या दोन्ही गोष्टी जवळून पाहिलेला हा माणूस होता. पुढच्या कथेत हे महत्त्वाचे ठरते.

क्रिकेटच्या कारभारात ते कसे आले?

वानखेडे १९६३ मध्ये बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचे, म्हणजे आजच्या मुंबई क्रिकेट असोसिएशनचे (एमसीए) अध्यक्ष झाले आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. मुंबईच्या क्रिकेटचा तो सुवर्णकाळ होता. रणजी करंडक मुंबईकडून हलत नव्हता. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षे तो याच शहरात राहिला. संघात अजित वाडेकर, सुनील गावस्कर, दिलीप सरदेसाई, एकनाथ सोलकर असे खेळाडू होते.

खेळात एवढी श्रीमंती असताना संघटनेची एक अडचण होती. तिच्याकडे कसोटी सामना भरवण्याजोगे स्वतःचे मैदान नव्हते. देशातले सर्वात बलाढ्य रणजी संघ चालवणारी संस्था कसोटीच्या दिवशी दुसऱ्याच्या दारात उभी असे. ते दार होते ब्रेबॉर्न स्टेडियमचे.

ब्रेबॉर्नचा वाद नेमका काय होता?

ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या (सीसीआय) मालकीचे. बॅकबे रेक्लमेशनच्या भरावाच्या जमिनीवर ते उभारले गेले आणि डिसेंबर १९३७ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांचे नाव त्याला देण्यात आले. देखणे, प्रशस्त आणि देशातले पहिले कायमस्वरूपी क्रिकेट स्टेडियम म्हणून त्याचा लौकिक होता. पण ते एका खासगी क्लबचे होते. तेथील आसनांवर पहिला हक्क क्लबच्या सदस्यांचा असे.

आसनांवरून भांडण होण्याची परंपराही ब्रेबॉर्नइतकीच जुनी आहे. स्टेडियम सुरू झाले त्याच वर्षी पंचरंगी स्पर्धेतून हिंदू संघाने माघार घेतली होती. कारण होते हिंदू जिमखान्याला मिळालेल्या अपुऱ्या जागा. पुढे कसोटी सामन्यांच्या वेळी हाच वाद सीसीआय आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यात सुरू झाला.

वादाचे गणित सोपे होते. सामना भरवण्याची जबाबदारी असोसिएशनची, मैदान मात्र क्लबचे. असोसिएशनला शेकडो संलग्न क्लबांना तिकिटे द्यायची असत. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, दादर, माटुंगा येथे वर्षभर उन्हात खेळणारे हे क्लब म्हणजे मुंबई क्रिकेटचा कणा. त्यांच्या वाट्याला येणाऱ्या जागा कमी पडत आणि दर कसोटीपूर्वी घासाघीस होई. फेब्रुवारी १९७३ मध्ये इंग्लंडविरुद्धची कसोटी ब्रेबॉर्नवर झाली, तोपर्यंत संबंध विकोपाला गेले होते.

ठिणगी कशी पडली?

याबाबत मुंबईच्या क्रिकेट वर्तुळात एक किस्सा नेहमी सांगितला जातो. काही आमदारांना एक प्रदर्शनीय सामना खेळायचा होता. ते विधानसभा अध्यक्ष असलेल्या वानखेडे यांच्याकडे आले. वानखेडे यांनी ब्रेबॉर्न मिळावे म्हणून सीसीआयचे तेव्हाचे प्रमुख विजय मर्चंट यांच्याकडे शब्द टाकला. मर्चंट हे भारताचे महान सलामीवीर आणि तत्त्वाला घट्ट धरून राहणारे गृहस्थ. त्यांनी नकार दिला. बोलाचाली झाली आणि असोसिएशन स्वतःचे स्टेडियम बांधेल, असे सांगून वानखेडे बाहेर पडले.

किस्सा रंगतदार आहे. पण केवळ एका नकारामुळे स्टेडियम उभे राहिले असे मानणे अपुरे ठरेल. एका बाजूला सदस्यांच्या वर्गणीवर चालणारा क्लब होता. आपण बांधलेले, आपण निगा राखलेले मैदान इतरांनी आपल्या अटींवर वापरावे, ही त्याची भूमिका चुकीची म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला सामना भरवूनही आपल्याच क्लबांना तिकिटे देऊ न शकणारी संघटना होती. मैदान चालवण्याचा खर्च जो करतो त्याचे मैदान, की खेळ जो घडवतो त्याचे, हा खरा प्रश्न होता. वानखेडे यांनी तो चर्चेने सोडवण्याऐवजी दुसरे मैदान बांधून सोडवला.

तेरा महिन्यांत स्टेडियम कसे उभे राहिले?

नव्या स्टेडियमसाठीची जागा ब्रेबॉर्नपासून जेमतेम किलोमीटरभर अंतरावर, चर्चगेट आणि मरीन लाइन्स या स्थानकांच्या मध्ये, रेल्वेमार्गाला लागून होती. जमीन राज्य सरकारच्या मालकीची, असोसिएशनकडे भाडेपट्ट्याने. आराखड्याचे काम शशी प्रभू या तरुण वास्तुविशारदाकडे सोपवण्यात आले. सुमारे १३ महिन्यांत स्टेडियम सामन्यासाठी सज्ज झाले. वेस्ट इंडिजचा संघ भारत दौऱ्यावर होता आणि मालिकेतील शेवटची कसोटी जानेवारी १९७५ मध्ये येथे व्हायची होती. तारीख हलणार नव्हती. त्या १३ महिन्यांत मुंबईचा एक पूर्ण पावसाळाही होता. समुद्राजवळची जागा, एका बाजूला रेल्वे, भोवती दाट वस्ती. अशा ठिकाणी हजारो प्रेक्षकांचा भार पेलणारे काँक्रीटचे स्टँड एवढ्या वेळात उभे करणे आजच्या यंत्रसामग्रीच्या काळातही सोपे मानले जाणार नाही.

काळाची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. १९७२ च्या भीषण दुष्काळाने राज्य होरपळून निघाले होते. खडी फोडण्याच्या कामावर लाखो माणसे राबत होती. रोजगार हमी योजनेची मुळे याच काळातली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारपुढे पाणी आणि धान्याचा प्रश्न होता. अशा वेळी दक्षिण मुंबईत, सरकारी जमिनीवर, विधानसभेच्या अध्यक्षांच्या पुढाकाराने नवे स्टेडियम उभे राहत होते. भाडेपट्टा देणारे सरकार आणि घेणारी संघटना यांच्यामध्ये एकच नाव दोन्हीकडे दिसत होते. शिवाय वानखेडे हयात असतानाच मैदानाला त्यांचे नाव मिळाले. आजच्या भाषेत याला हितसंबंधांचा संघर्ष म्हटले गेले असते. त्या काळी मंत्री, आमदार आणि खेळाच्या संघटनांचे पदाधिकारी एकच असणे कोणाला फारसे खटकत नसे. वानखेडे यांच्यानंतरही मुंबई क्रिकेटच्या अध्यक्षपदी मनोहर जोशी, शरद पवार, विलासराव देशमुख असे नेते आले. ती वाट त्यांनी रुळवून दिली होती.

पहिल्याच कसोटीत काय घडले?

२३ जानेवारी १९७५ रोजी भारत आणि वेस्ट इंडिज यांच्यातील कसोटी सुरू झाली. मालिका २-२ अशी बरोबरीत होती. क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा केल्या. भारताकडून मुंबईच्या एकनाथ सोलकर यांनी शतक झळकावले. मन्सूर अली खान पतौडी यांची ही अखेरची कसोटी ठरली. वेस्ट इंडिजने २०१ धावांनी सामना आणि त्यासह मालिका जिंकली.

पण सामना आणखी एका कारणाने लक्षात राहिला. लॉइड यांचे द्विशतक पूर्ण होताच एक चाहता अभिनंदनासाठी मैदानात धावला. पोलिसांनी त्याला मारहाण केली आणि प्रेक्षक भडकले. नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये दंगल उसळली, खेळ थांबवावा लागला. स्टेडियम संघटनेचे असले तरी गर्दीची जबाबदारी सरकारी यंत्रणेची, हे पहिल्याच सामन्यात दिसून आले. त्या जबाबदारीचे मोल किती आणि ते कोणी मोजायचे, हा वाद पुढे न्यायालयापर्यंत जाणार होता.

वानखेडे यांचा नंतरचा प्रवास कसा होता?

नवे स्टेडियम सुरू झाले आणि ब्रेबॉर्नवरची कसोटी थांबली. १९७३ नंतर तेथे पुढची कसोटी झाली ती थेट डिसेंबर २००९ मध्ये, श्रीलंकेविरुद्ध. म्हणजे ३६ वर्षांहून अधिक काळ देशातले सर्वात देखणे क्रिकेट मैदान कसोटीविना राहिले.

वानखेडे यांचे क्रिकेटमधील वजन मात्र वाढत गेले. १९८० मध्ये ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९८२ पर्यंत त्या पदावर होते. त्यांच्या कार्यकाळात इंग्लंडचा संघ भारतात आला. १९८१ च्या अखेरीस वानखेडेवर झालेल्या पहिल्या कसोटीत भारताने १३८ धावांनी विजय मिळवला आणि तेवढ्या एका विजयावर मालिका जिंकली. ५ नोव्हेंबर १९८७ रोजी विश्वचषकाचा उपांत्य सामना याच मैदानावर झाला. ग्रॅहम गूच यांच्या शतकाने भारताचे आव्हान संपुष्टात आणले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ३० जानेवारी १९८८ रोजी वानखेडे यांचे निधन झाले. ज्यांच्याशी त्यांचा वाद झाला ते विजय मर्चंट ऑक्टोबर १९८७ मध्येच गेले होते. आज वानखेडे स्टेडियममधील एका स्टँडला मर्चंट यांचेच नाव आहे. शहराने दोघांचे भांडण असे मिटवले.

स्टेडियमच्या देखभालीला एवढा खर्च का येतो?

वानखेडे यांनी मालकीचा प्रश्न सोडवला. पण मालकीबरोबर खर्चही येतो. स्टेडियम वर्षातून मोजके दिवस भरते, त्याची निगा मात्र ३६५ दिवस राखावी लागते. खेळपट्टीची माती, गवताची कापणी, रोजचे पाणी, पावसाळ्यातील निचरा, प्रकाशझोताचे दिवे, लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा ही यादी न संपणारी आहे. समुद्राच्या जवळ असल्याने आणखी एक शत्रू असतो : खारी हवा. हवेतील क्षार काँक्रीटच्या आत शिरतात, सळ्या गंजतात, फुगतात आणि वरचा थर फोडून बाहेर येतात. मरीन ड्राइव्हच्या जुन्या इमारतींचे रहिवासी हे चांगले जाणतात. दुरुस्ती पुढे ढकलली, तर खर्च वाढतच जातो.

२०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेचा मोठा भाग पाडून नव्याने बांधण्यात आला. खांबांचा अडथळा नसलेले हलके छत आले, बाकड्यांच्या जागी खुर्च्या आल्या. त्यामुळे क्षमता सुमारे ४५ हजारांवरून ३३ हजारांपर्यंत घटली. त्या अंतिम सामन्याची जेमतेम ४ हजार तिकिटे सर्वसामान्यांसाठी विक्रीला आली. बाकीची संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद आणि इतरांमध्ये वाटली गेली. तिकिटांच्या तक्रारीतून जन्मलेल्या स्टेडियमबाहेर तिकीट न मिळालेले चाहते ताटकळत होते.

जमीन, पाणी आणि पोलीस यांचा वाद काय आहे?

मैदानाचा रोजचा खर्च एमसीए करते. तिला क्रिकेट मंडळाकडून मिळणारा निधी, तिकीटविक्री आणि बॉक्सचे उत्पन्न आहे. पण तीन गोष्टी सार्वजनिक आहेत.

पहिली जमीन. सुमारे ४४ हजार चौरस मीटरच्या या भूखंडाचा ५० वर्षांचा भाडेपट्टा फेब्रुवारी २०१८ मध्ये संपला. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई शहर जिल्हाधिकारी कार्यालयाने सुमारे १२० कोटी रुपयांच्या थकबाकीसाठी एमसीएला नोटीस बजावल्याचे समोर आले. अर्धशतकापूर्वीचे भाडे आणि आजचा चर्चगेटचा जमीनदर यांच्यातली दरी किती, याची कल्पना या आकड्यावरून येते. सरकारच्या दृष्टीने हा थकलेला महसूल. खेळाच्या बाजूने पाहणाऱ्यांचे म्हणणे असे, की बाजारभावाने भाडे आकारले तर शहरात एकही मैदान उरणार नाही.

दुसरी गोष्ट पाणी. २०१६ मध्ये राज्यात, विशेषतः मराठवाड्यात, तीव्र दुष्काळ होता. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या वेळी आयपीएलसाठी मैदानांवर वापरल्या जाणाऱ्या पाण्याविरोधात मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. वानखेडेवर ठरलेला अंतिम सामना बेंगळूरुला गेला. मैदानांवर लागणारे पाणी दुष्काळाच्या मानाने थेंबभर होते, असा युक्तिवाद झाला. पण मुद्दा लिटरचा नव्हता. टंचाईत सार्वजनिक साधनांवर पहिला हक्क कोणाचा, हा होता. १९७२ च्या दुष्काळामागोमाग उभ्या राहिलेल्या स्टेडियमला तो ४० वर्षांनी विचारला गेला.

तिसरी गोष्ट पोलीस बंदोबस्त. सामन्यांसाठी पोलीस पुरवण्याचे शुल्क आयोजकांकडून घेतले जाते. मुंबई पोलिसांची १४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम एमसीएकडे थकल्याचे माहिती अधिकारातून उघड झाले. २०२३ मध्ये राज्य सरकारने हे शुल्क कमी केले आणि ही सवलत २०११ पासून, म्हणजे मागील तारखेने लागू केली. त्याविरोधात मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. झोपडपट्टीतल्या रहिवाशाची पाणीपट्टी थकली तर जोडणी तुटते, मग श्रीमंत संघटनेला सूट का, अशा आशयाच्या प्रश्नांना सरकारला सामोरे जावे लागले.

मग वानखेडे यांचा वारसा कोणता?

शेषराव वानखेडे यांच्याकडे केवळ रागाच्या भरात स्टेडियम बांधणारा नेता म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. त्यांनी मैदानी क्लबांच्या हक्काचा प्रश्न ओळखला, सरकार आणि संघटना दोन्ही हाताशी असल्याचा उपयोग केला आणि ठरलेल्या तारखेला स्टेडियम उभे करून दाखवले. शिवाजी पार्कच्या क्लबातील कार्यकर्त्याला कसोटीचे तिकीट मिळू लागले, ते त्यामुळे.

पण त्यांनी तोडगा काढला तो आसनांच्या वाटपावर. जमिनीचे भाडे किती, सार्वजनिक सेवांचे मोल कोणी द्यायचे, त्या बदल्यात जनतेला काय मिळायचे, याचा स्पष्ट करार तेव्हा झाला असता, तर आजच्या नोटिसा आणि याचिका कदाचित टळल्या असत्या. सत्ता आणि संघटना एकाच हातात असली, की कामे वेगाने होतात. हिशेब मात्र मागे राहतो आणि पुढच्या पिढीला तो चुकता करावा लागतो.

३१ ऑक्टोबर २०१४ रोजी नागपूरचेच देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ वानखेडे स्टेडियमवर घेतली. नागपूरच्या पहिल्या महापौरांचे नाव असलेल्या मैदानावर, त्याच शहराच्या एका माजी महापौराचा तो सोहळा होता. मैदान क्रिकेट संघटनेच्या ताब्यात, जमीन राज्याची, सोहळा सरकारचा. वानखेडे नेमके कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशीही तितकेच गुंतागुंतीचे होते, जितके ते १९७५ मध्ये होते.